पाणी आल्याची हाक

आमच्या गल्लीत पाणी आलं की ते आधी मला कळायचं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, कधी पहाटे, कधी ऐन जेवणाच्या ताटावर. चावीवाला कोपऱ्यावर येऊन लोखंडी झाकण सरकवायचा, तो खणखणाट मला घरात बसून ऐकू यायचा. मग नळातून आधी नुसती हवा निघायची. ती हवा फुसफुसली की मी ओट्यावर उभा राहून हाक द्यायचो, "पाणी आलंऽऽ! नीर बंतूऽऽ! नीळ्लू वच्चिनयऽऽ!"

तीन भाषांत, कारण भवानी पेठेतली आमची गल्लीच तशी. अलीकडं मराठी, मधी कानडी, टोकाला तेलुगू विणकरांची घरं. शाळा मी तिसरीत सोडली, पण ह्या हाकेत मला कुणी चूक काढून दाखवावी. आणि आवाज म्हणाल तर अख्खी उमर यंत्रमागावर चादरी विणल्या. तिथं शेजारच्या मागावरच्या माणसाला चुना मागायचा तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. माग सुटले, आवाज राहिला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आप्पा हायेत म्हणून निवांत झोप लागती बघा." म्हातारपणी माणसाला एवढं वाक्य पुष्कळ असतं. मला तरी होतं.

मग समोरच्या घरात एक निवृत्त कारकून राहायला आला. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान असेल. पँटीत शर्ट खोचलेला, डोळ्यावर सोनेरी काडीचा चष्मा. महिन्याच्या आत सगळी गल्ली त्याला साहेब म्हणायला लागली. मला इतकी वर्षं आप्पाच म्हणतात.

त्याच्या फोनाला त्यानं नाना सवयी लावलेल्या. देवळाच्या दारात गेला की फोन आपोआप मुका व्हायचा, बाहेर आला की बोलायला लागायचा. घरातून निघताना फोनच त्याला सांगायचा, "चष्मा, किल्ली, पिशवी." खुर्चीत बसून "मोटार" म्हटलं की त्याच्या हौदावरची मोटार सुरू. आमची ही ते बघून आली आणि भाकरी थापता थापता मला म्हणाली, "मानूस बसल्या जागी समदं करतंय की वो. आन् तुमी? चष्मा कपाळावर आन् घरभर हुडकताय."

मी म्हटलं, "त्याला पाय हायेत का न्हाईत?"

"पाय हायेत. डोकं बी हाय," ती म्हणाली आणि भाकरी उलथली.

तेव्हापासून जळायला लागलो. उगीच कशाला नाही म्हणू?

पुढं साहेबानं घरोघरी जाऊन पाण्याचं काम केलं. चावीवाला पाणी सोडायच्या आधी गल्लीच्या ग्रुपवर दोन शब्द टाकतो. ते आले की फोन, मुका ठेवलेला असला तरी, मोठ्यानं ओरडेल, अशी सोय त्यानं प्रत्येक फोनात करून दिली. आवाज लावला कोंबड्याचा. पुढल्या पाण्याला मी ओट्यावर येऊन छातीत हवा भरतोय तोच गल्लीभर कोंबडे आरवले. ज्या घरांत जन्मात कुणी अंडं आणलं नाही त्या घरांतसुद्धा कोंबडा. दारं उघडली, घागरी बाहेर आल्या. माझी हाक घशातच राहिली. मागं वळून बघतो तर आमची ही बादली घेऊन नळाशी बसलेली. तिचाही फोन आरवला होता. मला न विचारता तिनं सोय करून घेतली होती.

मला वाटलं, पाणी चावीवाल्याच्या हातात आहे, त्यालाच धरावा. कोपऱ्यावरच्या टपरीवर त्याला चहा पाजला, वर भजी सांगितली.

"तू असं कर," म्हटलं, "आधी चावी फिरव, मग मेसेज टाक. जरा दमानं टाक."

तो भजी खात हसला. "आप्पा, मेसेज टाकल्याबिगर चावीला हात न्हाय लावत आता. बायका शिव्या देत्यात."

"आन् मी हाक देत हुतो तवा?"

"तवा तुमाला यायच्या की शिव्या, उशीर झाला तर. मला बरं पडतंय बघा आता."

भजी माझ्या पैशाची आणि वर हे ऐकायचं.

मग मी हाक देणंच बंद केलं. म्हटलं, बघू, कोणीतरी येऊन विचारेलच, आप्पा, बरं नाही का? एक पाणी गेलं, दुसरं गेलं. कोणी विचारलं नाही. दुपारी ओट्यावर बसलो की बायका साहेबाच्या दारात उभ्या दिसायच्या, कोणाला विजेच्या बिलाची आठवण लावून हवी, कोणाला सासूच्या गोळ्यांची. त्या हसायच्या, तोही हसायचा. मी आपला सुपारी कातरत बसायचो. कातरता कातरता एकदा बोटच कापून घेतलं.

एके दिवशी साहेब स्वतः आमच्या ओट्यावर आला. म्हणाला, "आप्पा, कोंबड्याला लोक कंटाळलेत. टोकाच्या घरातलं तान्हं बाळ दचकून रडतं. सगळे म्हणतात, आप्पांची हाकच बरी होती. तुमचा आवाज द्या. तोच लावतो सगळ्यांच्या फोनात."

मी म्हटलं, "आवाज काय उसना द्यायचा जिन्नस हाय?"

आतून ही म्हणाली, "द्या की वो. तसा बी पडूनच हाय."

गेलो. सगळे म्हणतात हे ऐकल्यावर माझे पाय थांबेनात, हे खरं. साहेबानं खुर्चीत बसवलं, चहा दिला, फोन तोंडासमोर धरला. मी हाक दिली. त्याच्या खिडकीच्या काचा थरथरल्या.

पुढल्या पाण्याला मी अंथरुणातच होतो. आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातून मी ओरडलो. एका घरातून "पाणी आलं", तोवर दुसऱ्यातून "नीर बंतू", तिसऱ्यात माझं तेलुगू चाललेलं. मी इथं गोधडीत, आणि मी तिथं सगळीकडं, माझ्या आधी, माझ्याशिवाय. साहेबावर जळत होतो तेव्हा निदान समोर माणूस तरी होता. आता माझ्याच आवाजावर जळायची पाळी आली. त्याला खोकला नाही, दम लागत नाही, थंडी वाजत नाही.

तसाच समोर गेलो. "काढा माझा आवाज."

"आता कसा काढू आप्पा? घरोघरी गेलाय. लोकांना आवडलाय."

"मग दुसरा घ्या. हा खोटा हाय. खुर्चीत बसून, चहा पिऊन दिलेली हाक हाय ही. पानी नसताना. खरी हाक नळाला हवा आल्याबिगर येत न्हाई."

त्याला वाटलं असेल, म्हातारा चळला. पण त्यानं ऐकलं. पुढल्या पाण्याला, चावीवाल्याला आज मेसेज टाकू नको म्हणून सांगून, पहाटे तो कानटोपी घालून आमच्या नळाशी फोन धरून उभा राहिला. नळ फुसफुसला आणि मी हाक दिली. काय हाक होती! टोकाची घरं फोन न वाजताच जागी झाली. पण तिन्ही भाषा संपायच्या आत मागून आमची ही खेकसली, "अवो, आरडायचं ऱ्हाऊ द्या, आदी बादली सरकवा!"

तेही फोनात गेलं. तसंच घरोघरी गेलं.

आता गल्ली माझ्या हाकेवर उठते आणि तिच्या वाक्यावर हसते. पोरं मला बघून "आप्पा, आदी बादली सरकवा" म्हणत पळतात. बायका आमच्याकडं येतात त्या थेट चुलीपाशी, तिच्याजवळ. "काकू, लई भारी. दिवस हसत उगवतोय बघा." मी साहेबाला म्हटलं, मागचं शेपूट कापा. त्यानं गल्लीला विचारलं. गल्ली म्हणाली, आप्पांचं कापलं तरी चालेल, काकूंचं राहू द्या.

परवा पाणी आलं. मी नळाशी वाकून बादली सरकवत होतो आणि ही पदर कमरेला खोचून ओट्यावर उभी होती, माझ्या जागेवर. कोणाच्या घरातून तिचं वाक्य कसं वाजतंय ते मान तिरपी करून ऐकत होती.

"अगं, बादली भरली," मी म्हटलं.

तिनं मागं न बघताच हातानं मला गप्प केलं.