चार घरांतला आवाज

मेहरुन्निसा हळदीची गाणी म्हणायची. भिवंडीत चहूकडे लूम खडखडत असायचे, तरी तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. ती ओळ टाकायची आणि अंजूरची तिची मैत्रीण तुळजा ती झेलायची. सत्त्याण्णव साली मेहरुन्निसाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिची लेक बिल्किस घरीच एका जुन्या कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करायची. तिने माइक जोडला.

"या खोक्यासमोर बसू? याला काय कळतं?" मेहरुन्निसा म्हणाली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून तिने नवरीची सगळ्यात लांब हळद म्हटली. शेवटच्या ओळींना आवाज फाटत होता. तरी ती थांबली नाही.

कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी होती. गाण्याने ती इतकी खाल्ली की पोटापाण्याचं टायपिंग अडलं. बिल्किसने क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे फाइल दाबून लहान केली. तरी ती एका फ्लॉपीत मावेना, तेव्हा प्रोग्रामने तिचे तुकडे करून चार फ्लॉप्यांवर टाकले. मूळ फाइल तिने पुसली.

मग तिने घरच्या रीतीप्रमाणे केलं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीपासून मेहरुन्निसाने दागिने, घराचे कागद, काहीच एका छपराखाली राहू दिलं नव्हतं. एक घर जळालं तरी बाकीची राहतील, हा तिचा हिशेब. बिल्किसने एक फ्लॉपी स्वतःकडे ठेवली, एक टेमघरला अब्दुलमामूंकडे, एक अंजूरला तुळजाकडे आणि एक काल्हेरला थोरल्या भावाकडे, खलीलभाईकडे दिली. फाइल उघडताना सगळे तुकडे एकत्र लागतात, हे तिला माहीत होतं. पण मोलाची वस्तू कशी ठेवायची, हे तिच्या हातांना त्याआधीपासून ठाऊक होतं.

दोन वर्षांनी खलीलच्या लेकीची, रुकय्याची हळद ठरली. मेहरुन्निसाच्या गळ्यात आता श्वासाची नळी होती. तिने कॉम्प्युटरवर बोटाने टकटक केलं, मग नातीकडे दाखवलं. नातीच्या हळदीला तिला तेवढंच हवं होतं.

खलील आपली फ्लॉपी घेऊन आला. "घे, अम्मीचा पाव हिस्सा. माझ्याकडचाच जास्त ओरडणारा असेल."

तुळजाने तिची फ्लॉपी खणात गुंडाळून आणली होती. खण सोडला तसा हळदीचा वास आला. फ्लॉपीच्या पत्र्याच्या झाकणाखाली पिवळी भुकटी गेली होती.

"मावशी, हे काय?"

"देव्हाऱ्यात होती. सणासुदीला हलद-कुकू वाह्यला. मेहरूचा गला हाय तो, असाच कसा ठेवू?"

 बिल्किसने कापसाने जमेल तेवढं पुसलं. पहिली फ्लॉपी नीट वाचली गेली, दुसरीही. तिसरी तुळजाची. आतून खरखर आली आणि पडद्यावर उमटलं की ही वाचता येत नाही. तिने पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग प्रोग्रामने अर्धवट उलगडलेली फाइलही पुसून टाकली.

ती फ्लॉपी तिने क्लासच्या सरांकडे नेली. त्यांनी झाकण सरकवून आतली चकती पाहिली आणि म्हणाले, "चरे पडलेत. दुसरी प्रत असेल ना?"

"नाही."

तुळजा दारातच बसली होती. "मंग बाकीच्या तिनांत हाय त्याच वाजव."

"तसं होत नाही, मावशी. चारही पाहिजेत."

"मंग घरोघरी वाटलास कशाला, पोरी?"

बिल्किस खणाची घडी घालत राहिली.

हळदीला अंगण बायकांनी भरलं. तुळजाला राहवेना. तिने रुकय्याच्या गालाला हळद लावली आणि गायला लागली. तिला फक्त झेलायच्या ओळी येत होत्या. एक ओळ म्हणून ती थांबायची. मेहरुन्निसाचं तोंड उघडायचं, नळीतून नुसता वारा वाजायचा, आणि तुळजा पुढची ओळ घ्यायची. कुणाला गाणं कळेना. मागच्या पोरी कुजबुजायला लागल्या. चौथ्या ओळीला तुळजाने गाणं सोडून हात खाली घेतले.

कुणीतरी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लावली. बिल्किस ती बंद करायला उठली, तेव्हा मेहरुन्निसाने तिचा हात धरला आणि बोटाने खूण केली. आवाज वाढव.