पसंतीकाका आणि नासेरची बंदूक

पसंतीकाका कलिंगड घ्यायचं झालं तरी मुलगी बघायला आल्यासारखे बसत. कुवेतच्या फहाहील भागातल्या भाजीवाल्याकडे स्टूल मागून घ्यायचे, कलिंगड मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "कुठलं हे? इराणचं का? बरोबरची भावंडं कशी निघाली?" भाजीवाला बिचारा घामाघूम. मग दुसरं बघायचं, तिसरं बघायचं आणि शेवटी पहिलंच घेऊन घरी यायचं. "पहिल्या स्थळाला लगेच हो म्हणायचं नसतं रे, भाव उतरतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. शुवैखमध्ये आमची गाड्यांच्या सुट्या भागांची कंपनी आहे, तिथे खरेदीखातं त्यांच्याकडे आणि हिशेब माझ्याकडे. पण त्यांचा खरा धंदा लग्नं जमवण्याचा, तोही फुकट. "कुवेतमधल्या निम्म्या मराठी संसारांचं पाप माझ्या डोक्यावर आहे," असं ते छाती फुगवून सांगत. माझंही लग्न त्यांनीच जमवलं. माझी बायको दर दिवाळीला त्यांना फराळाचा डबा पाठवते आणि मला टोमणे मारते, म्हणजे वाटणी बरोबर झाली.

बघण्याच्या कार्यक्रमात त्यांची एक शिस्त होती. पोहे संपले की सगळ्या वडीलधाऱ्यांना बाल्कनीत हाकलायचं आणि मुलाला, मुलीला एकेकटं गाठून विचारायचं, "खरं सांग. तुला हवंय का?" उत्तर नाही आलं, तर बाहेर येऊन गंभीर चेहऱ्यानं जाहीर करायचं, "पत्रिका जुळत नाही." कोणाचं नाक कापलं जात नाही, दोन्ही घरं पुढच्या गणपतीला एका पंगतीत जेवायला मोकळी. "आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून तर देवानं मंगळ केला," काका म्हणत.

आमच्या मालकांना, अबू नासेरना, काकांच्या या गुणाचा वास लागला आणि त्यांची गाडी, त्यांच्या मुलांची शिकवणी, अगदी दिवाणखान्यातलं झुंबरही काकांच्या पसंतीनं यायला लागलं. अबू नासेर माणूस मोठ्या मनाचा, हिंदी चिक्कार बोलायचा, पण एकदा चारचौघांत काही बोलून गेला की मागे फिरणं त्याच्या शब्दकोशात नाही. त्यानं एक दिवस काकांना बोलावून सांगितलं, "नासेर सोळाचा झाला. सुट्टीत आफ्रिकेला नेतोय, पहिल्या शिकारीला. त्याच्यासाठी रायफल बघ. परवाना माझ्या नावावर, पोर माझ्या नजरेखाली चालवेल. पण पसंती तुझी."

काकांनी जन्मात पिचकारीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "घरी नारळ फोडताना डोळे मिटतात, आणि चालले बंदूक निवडायला!" पण काका आठवडाभर फोनला चिकटून बसले आणि सोमवारी ऑफिसात आले ते थेट कॅलिबरवर बोलत. कॅलिबर म्हणजे नळीचं माप, पण काकांच्या लेखी ते घराणं. "पॉइंट टू-टू ही गरीब घरची, गुणी. धक्का नाही, आवाज नाही, शिकायला उत्तम. पण हरणापुढे तिची ताकद पुरायची नाही. टू-फोर्टी-थ्री मध्यमवर्गीय. झेपेल, निभावेल, हरणालाही पुरेल. आणि ती थ्री-हंड्रेड मॅग्नम! श्रीमंत, देखणी आणि महातापट. रोज खांदा सुजवील. पोराला पहिल्याच गोळीला दुखलं ना, की तो जन्मभर डोळे मिटून चाप ओढतो. वजन, उंची, खांद्याचं माप, सगळं बघायला हवं मेल्या!"

मी म्हटलं, "काका, मालकांना कुठली हवी आहे?"

काकांचा चेहरा पडला. मालकांना अर्थातच मॅग्नम हवी होती. कारण मेहुण्याच्या मुलाकडे मॅग्नम होती. लोक काय म्हणतील हा प्रश्न धोतरातून विचारा नाहीतर अरबी दिशदाशाच्या झग्यातून, तो सारखाच.

आणि नेमका त्याच सुमारास काकांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. काकांनी साठी ओलांडलेली, कंपनीत माणसं कमी करायचं चाललेलं. लग्न उशिरा झालेलं, त्यामुळे मुक्ता, त्यांची एकुलती एक लेक, आता कुठे बारावीत. काकांचा इकामा गेला की काकूंचा आणि तिचाही जाणार आणि ऐन बोर्डाच्या वर्षात पोरीला शाळा सोडून रत्नागिरी गाठावी लागणार. सगळं मालकाच्या एका होकारावर. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांसाठी धावणारा इजिप्शियन, त्यानंही काकांना हात जोडले, "मॅग्नम बोलो, खलास!" मी वेगळं काय सांगणार होतो? मीही तेच सांगितलं.

हिवाळ्यात कुवेती माणूस चांगलं घर सोडून वाळवंटात तंबू ठोकतो, आणि त्या तंबूत मग घरातलं सगळं सामान नेतो. शुक्रवारी दुपारी अशा तंबूत बघण्याचा कार्यक्रम ठरला. गाडी माझी, म्हणून मी साक्षीदार. गालिच्यावर तीन रायफली रिकाम्या करून ओळीनं मांडलेल्या. मेहुणे, चुलते, सगळे लोडांना टेकून बसलेले आणि प्रत्येकाला कॅलिबरमधलं कळत होतं. पोह्यांच्या जागी खजूर आणि कावा, एवढाच काय तो फरक.

काकांनी नासेरला प्रत्येक रायफल खांद्याला लावायला लावली. मॅग्नम लावताना पोराची मान वाकडी व्हायची. मग काकांनी सवयीनं फर्मावलं, "आता मुलगा आणि मी पाच मिनिटं बाहेर." मेहुणे हसले. दोघं तंबूमागे गेले. परत आले तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता. ऐन थंडीत!

"बोल," अबू नासेर म्हणाले. "कुठली?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच सांगत होतो, मॅग्नम म्हणा, काका, मॅग्नम! काकांनी हयातभर कामी आलेलं शस्त्र बाहेर काढलं. "बाबा, कुंडली नहीं मिलती. इस साल नासेर के सितारे ठीक नहीं. शिकार मत करो."

आपल्या माणसांत ज्यानं दोन्ही घरं खूश व्हायची, ते वाक्य या गालिच्यावर बॉम्बसारखं पडलं. "अस्तग़फिरुल्ला!" एक चुलते ताडकन उठले. ताऱ्यांवरून नशीब सांगणं त्यांच्या धर्मात पाप. अबू नासेर लाल झाले. "माझ्या घरात बसून मला तारे सांगतोस? माझ्या मुलाचं नशीब तू वाचणार? माझी थट्टा करतोस?"

काकांना एवढंच म्हणायचं होतं की पोरालाच नको आहे. पण ते पोराचं गुपित. काका मान खाली घालून उभे राहिले, आणि मला दिसत होतं की मुक्ताची बारावी त्या वाळूत चालली आहे.

"त्यांना ओरडू नका." नासेर होता. इंग्रजीतच बोलला, नेहमीसारखा. "मीच त्यांना सांगितलं. मला निशाणा मारायला आवडतं. जनावर मारायचं नाही मला. गेल्या वर्षी मामांनी ससा मारला, तेव्हा मला उलटी झाली होती. मी सांगणार होतो. पण तुम्ही आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, बाबा."

अबू नासेर उठून बाहेर गेले. आम्ही मटण-भात न जेवताच निघालो. वाटेत एगैला भाग येईपर्यंत काका म्हणत होते, "तुझ्या काकूला काय सांगू? पोरीला काय सांगू?"

पुढच्या आठवड्यात मालकांनी बोलावलं. कागद घेऊन मीही गेलो. त्यांनी मुक्ताची परीक्षा होईपर्यंतचा इकामा मंजूर केला आणि काकांकडे न बघता म्हणाले, "मग घरी जा. जे माझ्या मुलानं मला सांगितलं नाही, ते तुला सांगितलं. तुझा चेहरा रोज समोर आला की मला तेच आठवेल."

मला संताप आला. लिफ्टमध्ये मी तडकलो तर काकांनीच मला दटावलं. "गप रे. बाप आहे तो. लागणारच त्याला. माझी मुक्ता उद्या तुझ्यापाशी असं बोलली, तर मी तुझं तोंड बघेन का?"

परीक्षा झाली आणि काका निघाले. विमानतळावर अर्धी मराठी वस्ती लोटली होती, काकांनी जमवलेली जोडपी पोराबाळांसकट. गर्दीतून नासेर आला, काकांना मिठी मारली, लाजला आणि पळाला. मला वाटलं, ड्रायव्हरनं आणलं असेल. काचेतून पाहिलं तर गाडीत अबू नासेर स्वतः बसलेले. ते उतरले नाहीत. नासेर पुढच्या सीटवर बसला आणि दार लागायच्या आत दोघांची जुंपली. पोरगा हातवारे करून काहीतरी सांगतोय, बाप स्टीअरिंगवर हात आपटून उलट सांगतोय, आणि मागच्या गाड्या हॉर्न मारतायत.

काका काचेला नाक लावून उभे. डोळ्यांतून पाणी घळाघळा.

"बघ मेल्या," ते म्हणाले, "बोलतायत! अरे, बोलतायत की रे दोघं!"