दुसऱ्या पसंतीचं मत

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी चालू होती, त्या दुपारी आई आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर पेंगत बसली होती. वडील गेल्यावर ती खाडीकाठच्या गव्हाण गावातलं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली होती. आभाळ भरलेलं, खोलीत मऊ करडा उजेड. मीही अर्धवट झोपेतच होते.

"आमाला नाय बोलावलं मत द्यायला," डोळे न उघडताच ती म्हणाली.

मी सांगितलं, या निवडणुकीत आपण मत देत नाही. आपण निवडून दिलेले आमदार-खासदार देतात. तेही बटण दाबत नाहीत. उमेदवारांच्या नावांपुढे आकडे लिहितात. पहिली पसंती, दुसरी पसंती.

"दुसरी कशाला? मन तर एकच असतं."

"पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर सगळ्यात मागे असलेला बाद होतो. मग त्याच्या मतपत्रिका उघडून बघतात, दुसरी पसंती कुणाला आहे. ती मतं त्याच्याकडे जातात. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत असंच."

मला वाटलं, तिला झोप लागली.

"माजं तसंच झालं," ती म्हणाली. "पयली पसंती गव्हाण. ती बाद झाली. मंग तू."

"बाद कशी? घर आहे की तिथे."

"घर हाय. तुजा बापूस नाय. एकटीला खाडीचा आवाज सोसवंना."

आपण दुसरी पसंती असणं मनाला थोडं लागलं. तेवढ्यात तिनेच विचारलं, "ते दुसऱ्याकडं गेलेलं मत अर्धंच धरतात का?"

"नाही. पूर्ण धरतात. मूल्य तेवढंच राहतं."

"मंग झालं तर," म्हणत तिने पाय वर घेतले आणि खरंच झोपली. निकाल पहिल्या पसंतीतच लागला. मी टीव्ही बंद केला.

त्या रविवारी तिला गव्हाणला नेलं. तिने कुलूप काढलं, मागची खिडकी उघडली. ओहोटी होती, खाडीचा ओला, खारट वारा घरभर फिरला. आम्ही दोघी जमिनीवरच आडव्या झालो. जाग आली तेव्हा ती बाहेर शेजारणीशी बोलत होती. "लेकीकडं असते मी," सांगत होती, "पनवेलला."

उन्हं उतरल्यावर तिने स्वतःच खिडकी लावून घेतली आणि दाराला कुलूप घातलं.