अर्ध्या वाटेत अडकलेलं काम

बंद खोलीतल्या एसीचा थंड, कोंदट वास आला की मला परभणीच्या एका दवाखान्यातली रविवारची दुपार आठवते. तिथल्या तीन सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर मी एकटाच अपग्रेड करत होतो. रीत साधी होती: एका सर्व्हरवरची कामं उरलेल्या दोन्हींवर हलवायची, तो मोकळा झाला की अपग्रेड करायचा, मग पुढचा घ्यायचा. पहिला नीट झाला. दुसरा रिकामा करताना मात्र प्रयोगशाळेच्या रिपोर्टांचं काम अर्ध्या वाटेत अडकलं. रद्द करावं तर नोंदी जायची भीती, पुढं तर काहीच सरकेना आणि खोली सोडून जाताही येईना. एसी चालू असूनही माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या ताई दारात आल्या. "सर, येलदरीची बाळंतीण आलीय, लय रक्त जायलंय. रक्तगटाचा रिपोर्टच दिसंना. किती वेळ लागंल?" मी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "ताई, मला माहीत नाही." त्या लगेच वळून खाली गेल्या. तासाभराने ते काम आपोआप पुढं सरकलं, नोंदी शाबूत होत्या. मी धावत खाली गेलो. ताईंनी गट हातानं तपासून रक्त कधीच चढवायला दिलं होतं आणि बाई बोलत होती. "तुमी माहीत न्हाई म्हणलात म्हणून मी थांबले न्हाई," ताई म्हणाल्या. "दहा मिनिटं म्हणला असता, तर बसले असते वाट बघत." 'दहा मिनिटं' हेच माझ्या ओठांवर आलं होतं, हे त्यांना सांगायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.