रात्रशाळेचं संमेलन भरदुपारी

मंडळी, आपल्या रात्रशाळेच्या बातम्या या चौकातल्या फळ्यावर मी रोज हौसेनं लिहितो. आज मात्र खडू उचलवत नाही.

आपलं संमेलन आज भरदुपारी उरकलं. पाहुण्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती म्हणे. पण शाळा गिरणीकामगारांची, आणि दुपारी कामगार मागावर! नवरदेवाला घरी ठेवून वरात काढली म्हणायची.

नरसय्या विणकर चाळिशीत अक्षरं शिकला. आज तो सगळ्यांपुढं धडा वाचणार होता. तो घटकाभर सुटून येईल या आशेनं त्याची बायको यल्लव्वा ठेवणीतलं लुगडं नेसून ऐकायला पुढंच बसली होती. शाळेच्या चिटणिसांनी पुकारलं, "नरसय्या!" आणि उठला कोण, तर त्यांचा पुण्याला कॉलेजात शिकणारा भाचा. त्यानं घडाघडा वाचलं. पाहुण्यांनी पाठ थोपटली, "कामगार असून किती शुद्ध वाचतो!"

यल्लव्वा माझ्याकडं वळली. "आजोबा, नाव आमच्या घरच्यांचं घेतलं की. हे कोण?"

मी चिटणिसांना गाठलं. ते म्हणाले, "बाबा, पाहुण्यांपुढं शाळेची शोभा नको का राखायला?"

भोंगा झाल्यावर नरसय्या धावतच आला, केसांत कापूस तसाच. मांडव उतरत होता. बायकोनं सगळं सांगितलं. तो खाली बघून एवढंच बोलला, "म्हंजे मी लई चांगलं वाचलो म्हणा की."

येत्या बुधवारी शाळेचा फोटो काढणार आहेत, तोही दुपारीच. मंडळी, त्यात नरसय्याच्या जागी कुणाचं तोंड असेल, तुम्हीच सांगा.