वीस टक्क्यांचा विर्सा

नेंगाह विर्सा बॅटऱ्या दुरुस्त करायचा, आणि त्याहून जास्त वेळ गिऱ्हाइकं दुरुस्त करायचा. फोन आणा, फवारणीचा पंप आणा नाहीतर स्कूटर, आधी प्रवचन आणि मग पेचकस. "वीस टक्क्यांच्या खाली गेलीच कशी? तू जेवायला बसतोस तो पोटात कळ आल्यावर बसतोस का?" गिऱ्हाईक मुकाट ऐकून घेई, कारण बॅटरी विर्साच्या हातात असे. त्याची बायको सुकर्नी मागल्या दारातून म्हणे, "ह्यांना स्वतःला एकदा शून्यावर नेऊन ठेवा कुणीतरी."

त्यात हा गावाचा पचालांग, म्हणजे सणावारी राखण करणारा. न्येपी हा मौनाचा सण; त्या दिवशी सगळ्या बेटावर विस्तव नाही, दिवा नाही, घराबाहेर पाऊल नाही, आणि ते सगळे पाळतात की नाही हे बघत पचालांगांनी गस्त घालायची. विर्साकडे त्यासाठी स्वतःच्या हातानं बनवलेली काळी लांब टॉर्च होती, चार दणकट सेलांची. एरवी ती दुकानात खिळ्याला लटकलेली असे आणि तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. न्येपीच्या रात्री ती हातात आली की मात्र साहेबांचा आवाज दुप्पट होई.

यंदाची न्येपी होऊन अकरा दिवस झाले, आणि दादोंग सार्नी शेजाऱ्याच्या टेम्पोत आपली विजेवरची तीनचाकी घालून दुकानाशी उतरली. दादोंग म्हणजे आजी, सगळ्या गावाचीच. सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"चार्ज होत नाही," ती म्हणाली. "वायर लावली की चार्जरचा दिवा हिरवाच. पोट भरलेलं असल्यासारखा."

"किती दिवस झाले?"

"अकरा."

"अकरा! अगं दादोंग, शून्यावर अकरा दिवस म्हणजे..."

"प्रवचन उद्या कर, नेंगाह. माझी म्बोक उपाशी आहे."

म्बोक म्हणजे तिची थोरली बहीण रिम्पिग. वरच्या गावात राहायची. डोळे गेलेले, फोनवर काही ऐकू येत नसे. सार्नी रोज दुपारी भात आणि भाजी घेऊन, टेम्पो शिरत नाही अशा अरुंद चढावरून, ह्याच गाडीनं तिच्याकडे जाई आणि दोघी एकाच पानावर जेवत. आता रिम्पिगची सून वाढत होती, पण म्हातारी दोन घास खाऊन पान सरकवायची. म्हणायची, सार्नी आल्यावर जेवेन.

विर्सानं तोंड मिटलं आणि बॅटरी उघडली. बाहेरच्या तोंडाशी मीटर शून्य दाखवत होता. आत सेलांचे तेरा गट, प्रत्येकात चार सेल. एकेक मोजत गेला. बारा गटांत अडीच व्होल्टच्या आसपास धुगधुगी होती. तेराव्यात एक व्होल्टसुद्धा भरत नव्हता.

"जीव आहे," तो म्हणाला. "पण फार खाली गेली की आतली राखण करणारी पट्टी दार लावून घेते. मग चार्जरला वाटतं घरात कुणी नाहीच. ह्या बारांना मी मागच्या दारानं थोडी थोडी वीज देतो, आजाऱ्याला चमच्यानं पेज पाजावी तशी. घाई केली तर पेट घेतील. तेरावा मात्र गेला. त्याला आता चार्ज करायचाच नाही, तो धोक्याचा आहे. नवे सेल सुराबायाहून यायला आठ दिवस."

"आठ!" दादोंग मटकन स्टुलावर बसली.

"पण रिकामी झालीच कशी? तू तर रोज संध्याकाळी चार्जिंगला लावतेस. मीच शिकवलंय तुला."

दादोंग बाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "गेल्या वर्षी न्येपीला तू माझ्या कुंपणाशी येऊन ओरडलास. दादोंग, दिवा! अख्ख्या गल्लीनं ऐकलं. दिवा कुठला रे? ह्या बॅटरीवरचा हिरवा ठिपका होता. तो विझवायचा कसा ते मला कळेना. त्यावर नेसायचा सारोंग टाकून रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिले. यंदा म्हटलं, घरात ठिणगीसुद्धा ठेवायची नाही. आदल्या दिवशी गाडीचा पुढचा दिवा लावून ठेवला, पार विझेपर्यंत. ठिपकापण गेला. तू आलास, टॉर्च फिरवलीस आणि काही न बोलता पुढे गेलास. मला इतकं बरं वाटलं."

"मग दुसऱ्याच दिवशी का नाही आलीस माझ्याकडे?"

"तू रागावशील म्हणून."

मागल्या दारात सुकर्नी हसत होती, ती हसायची थांबली. विर्साला फार लाज वाटली. त्याला ती आरोळी चांगली आठवत होती. घरी येऊन त्यानं ती बायकोला करूनसुद्धा दाखवली होती.

तो उठला आणि खिळ्यावरची टॉर्च काढली. तिचं बूड फिरवून चारही सेल टेबलावर ओतले. "अहो!" सुकर्नी म्हणाली. सेल त्याच जातीचे होते. त्यानं ते मोजले, बाकीच्या बारा गटांच्या पातळीवर आणले, आणि तेराव्याच्या जागी जोडून टाकले. मग चमच्या चमच्यानं वीज देत, दर थोड्या वेळानं बॅटरीला हात लावून ती तापत नाही ना ते बघत, तो दिवसभर तिच्याजवळ बसून राहिला. संध्याकाळी पट्टीनं दार उघडलं. चार्जरचा दिवा लाल झाला, आणि दादोंगनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडीवर बसली. टोपलीत केळीच्या पानात बांधलेला भात होता.

"आता पुढच्या न्येपीला गस्त कशी घालशील?"

"चाचपडत."

"आणि माझ्या दारात धडपडलास तर?"

"तर तू ओरड. अख्ख्या गल्लीला ऐकू जाऊ दे." मग त्याला राहवेना. "बॅटरी अर्धी भरून ठेव. ठिपका दिसला तर दिसू दे."

"झालं, सुटलं प्रवचन," म्हणून ती चढाला लागली.

वरच्या गावात काय झालं ते विर्साला रिम्पिगच्या सुनेकडून कळलं. म्हातारीनं पान चाटूनपुसून साफ केलं. इतके दिवस कुठे होतीस, असं तिनं विचारलं, तेव्हा सार्नी म्हणाली, "माझ्याच वेंधळेपणानं गाडी बंद पडली होती, म्बोक." विर्साचं नाव तिनं घेतलं नाही.

त्यानंतर एक पोरगी पूर्ण मेलेला फोन घेऊन दुकानात आली आणि सवयीनं मान खाली घालून उभी राहिली. विर्सानं तिला बसायला स्टूल दिलं.