थंड भिंतीचं घर

आमच्या समोरच्या काकाजींनी दवनीवाड्यात नवं घर बांधलं ते उन्हाळ्यात गार राहणारं. भिंती दुहेरी, छत पांढरं. आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी ते त्याचा पंजा धरून भिंतीवर टेकवतात. "पाहा जी, पंखा कायले लागते?" त्या जागी आता काळा डाग पडलाय.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते आमच्या ओसरीत घामाघूम होऊन पडले होते.

"काऊन जी, घर तापलं का?"

"घर चांगलंच हाये. पण लोकं पाहाले येऊन राहिले, दार बंदच होत नाही. सारी गरम हवा आत घुसली."

तेवढ्यात रस्त्यानं एक अनोळखी सायकलवाला निघाला. काकाजी ताडकन उठले, सदऱ्याची बटणं लावली आणि ओरडले, "ओ भाऊ, घर पाहून जा!"